दूध बाधलं म्हणे

६ डिसें., बुध.
सत्ताविसावा दिवस. स्वरा संध्याकाळी ५.४० ला रडायला लागली, ८.५५ ला थांबली. मधे दहा मिनिटं गप्प होती, उज्ज्वलाच्या हातून माझ्या हातात आली तेव्हा. मला वाटलं माझ्यामुळे. मग परत सुरू.
पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, तोंड लालबुंद होतं. काही चालत नाही. ना पाळणा, ना खांदा, ना अंगावर.
खालच्या घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या. "सर, नावच स्वरा ठेवलंत, मग गाणारच की ती!" मी हसलो. वर येऊन उ.ला सांगितलं. ती हसली नाही. उ. शेवटची कधी हसली ते आठवत बसलो. बारशाला. पण ते फोटोसाठी.

७ डिसें., गुरु.
बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वजन ३ किलो ९००. "छान वाढतेय. पोटशूळ आहे सर. तीन-चार महिन्यांत आपोआप जातं."
कारण काय?
"नक्की कारण सांगता येत नाही."
एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतोय. कारण सांगता येत नाही, हे वाक्य पचत नाही. बाहेर आल्यावर उ. एवढंच म्हणाली, "अजून तीन महिने?"
उ.ला आई नाही. नांदूरघाटला भाऊ-भावजय आहेत, पण बाळंतपण इथंच करायचं ठरलं आणि दिंद्रुडहून माझी आई आली. तिचं निदान तयार होतं. "डॉक्टरला काय कळतंय. पोरीला आईचं दूध बाधलंय. काल काय खाल्लं हिनं?"
वांग्याची भाजी.
"मंग आता रडनं ऐका."

९ डिसें., शनि.
आईचं म्हणणं एकदम उडवून का लावायचं? गृहीतक आहे, तपासून बघता येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. पोरांना हेच तर सांगतो.
प्रॅक्टिकलच्या वहीचा मोठा कागद घेतला. चार रकाने. तारीख, उ.नं काय खाल्लं, रडणं कधी सुरू, एकूण मिनिटं. स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला, दोऱ्यानं पेन बांधला.
उ. उभी राहून बघत होती. "असं करून कळेल?"
"कळायला पाहिजे."
तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.
आज मलाही बरं वाटलं. हाताला काम मिळाल्यासारखं.

१२ डिसें., मंगळ.
वांगं बंद. हरभऱ्याची डाळ बंद. शेंगदाण्याचं कूट बंद. रडणं १९५, २१०, १८०. आई म्हणाली, बघ उतार पडला. मी म्हणालो, तीन नोंदींवरून काही म्हणता येत नाही. उ. म्हणाली, मग मेथी पण सोडते.
कूलरच्या आवाजानं पाच-सात मिनिटं गप्प होते असा शोध लागला. पाणी न घालता, तोंड भिंतीकडं करून लावतो. आई स्वेटर, वर शाल, कानाला मफलर. "थंडीचं कूलर लावतेत का कुनी? लोक म्हनतील मास्तरला येड लागलं."
उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं गेल्या की त्या आवाजालाही थबकते. ट्रॅक्टर लांब गेला की परत.

१४ डिसें., गुरु.
कॉलेजातून लवकर आलो म्हणून बरं. स्वरा आईच्या मांडीवर उघडी, शेजारी दिवा, सुईला टोचलेला बिब्बा. पोटावर ठिपके द्यायचे होते. आईवर एवढं कधीच ओरडलो नव्हतो. कातडी जळते, चट्टे पडतात, पोर महिन्याची आहे.
"तुझ्या पोटावर हायत की चार. मेलास का?"
आहेत. बेंबीभोवती. लहानपणी पोहायला गेलो की लपवायचो.
उ. तिथंच भिंतीला टेकून बसलेली. आईला थांबवलं नाही. नंतर विचारलं, तू काहीच का बोलली नाहीस? "वाटलं, करू दे. थांबेल तरी." थोड्या वेळानं म्हणाली, "मी कसली आई आहे?"
"दमलीस तू," म्हणालो.

१६ डिसें., शनि.
चारचा सुमार, रडणं सुरू व्हायच्या आधीची वेळ. उ. पाजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मनात आलेलं पण दुधात उतरतं का?"
"म्हणजे?"
"आई म्हणत होत्या. बाळंतिणीनं वाईट काही मनात आणू नये, दुधात उतरतं म्हणे."
मी विचार करून उत्तर दिलं. विचार उतरत नाहीत. पण ताण असला की शरीरात काही द्रव्यं वाढतात, त्यातली थोडी दुधात सापडत असावीत, कुठंतरी वाचल्यासारखं वाटतं. त्यानं काही होतं का, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही.
"म्हणजे उतरतं."
"अगदी तसं नाही..."
तिनं पदर सारखा केला आणि स्वराला माझ्याकडे दिलं. पोट भरलं नव्हतं तिचं.
लिहिताना आत्ता लक्षात आलं, मनात काय येतं ते मी विचारलंच नाही. उद्या विचारतो.

१७ डिसें., रवि.
विचारलं नाही. दिंद्रुडचे पाहुणे होते.

१९ डिसें., मंगळ.
सव्वा महिना झाला. न्हाणं झालं, देवाला जाऊन आले, आईनं ओटी भरली. काकू वर आल्या होत्या. "पंधरा वर्षांनी देवानं दिलं आणि तोंड असं पाडून बसतेस व्हय? हस की जरा!" उ. मान हलवते. जो येतो तो हेच म्हणतो. मी पण म्हणालो असेन कधीतरी. हो, म्हणालो होतो, दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी.
खाण्याच्या रकान्यात आता एवढंच उरलंय: भात, मुगाचं वरण, तूप. डिंकाचे लाडू डब्यात तसेच. आता आईच म्हणते, "अगं बाई, एवढं बी सोडू नगं, दूध आटंल." पण सुरुवात कुणी केली हे आई विसरली. मी नाही विसरलो. सुरुवात आईच्या बोलण्यानं झाली, पण कागद माझा.
आज २४०. आजवरचं सगळ्यात जास्त. आकडा उ.नं लिहिला. मी लिहिणार होतो, तर म्हणाली, राहू द्या, माझंच आहे ते.

२१ डिसें., गुरु.
लिहायचं की नाही. लिहितो.
आई भाजी आणायला गेलेली, उ. न्हाणीघरात. स्वरा चाळीस मिनिटं माझ्या कानाशी ओरडत होती. मी तिला गादीवर ठेवलं.
ठेवलं नाही. टाकलं. वीतभर उंचीवरून. गादी जाड आहे, तिला काही झालं नाही. क्षणभर गप्प झाली, मोठे डोळे करून माझ्याकडे बघितलं, मग परत. मी तिला तशीच सोडून गच्चीवर गेलो. कठडा धरून उभा होतो. पंधरा वर्षं जिची वाट बघितली ती खाली एकटी रडत होती आणि मी वर बोटं मोजत होतो.
'टाकलं' हा शब्द आधी खोडला होता. पुन्हा लिहिला.
उ.ला सांगितलं नाही.

२३ डिसें., शनि.
बारावीचे जादा तास, चार ते सहा, मागून घेतले. प्राचार्य खूश. "घरी तान्हं बाळ असून सुद्धा!" उपप्राचार्यांना माझं उदाहरण दिलं.
खरं कारण हे की पाचनंतर मी घरात नको. माझ्या हातून काहीतरी होईल. उ.ला सांगितलं, परीक्षा जवळ आल्यात, इलाज नाही. "हो. जा तुमी." बस. पूर्वी मी अर्धा तास उशिरा आलो तरी जेवणाच्या ताटावर भांडायची ही बाई.
म्हणजे मला ज्याची भीती, त्याच्यासोबत आता उ. एकटी. हे मला कळतं. तरी तास घेतले.

२७ डिसें., बुध.
पोरं तासाला आलीच नाहीत, सुट्टीचा मूड. घरी गेलो नाही. कालव्याच्या पुलावर गाडी लावून सव्वासातपर्यंत बसलो. काही विचार करत नव्हतो.
खोटं. करत होतो. ही गाडी अशीच पाथरीच्या अंगानं पुढं, परभणीकडं चालवत राहिलो तर पेट्रोल कुठं संपेल, आणि संपलं की मग काय.
घरी सांगितलं, तास लांबला. कागदावर २२५. खाण्याच्या रकान्यात 'पेज'. आई म्हणते ती पण अर्धी वाटी. दूध कमी झालंय. उ. पाजायच्या आधी स्वतःच थोडं पिळून टाकते म्हणे, मोरीत. का? आई म्हणाली, "म्या इचारलं तर म्हनली, पयलं पयलं वाईट असंल."

२८ डिसें., गुरु.
सकाळी आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, लसीची तारीख हुकली म्हणून. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. दारावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.
"हे कुनी लावलं?"
मी म्हणालो, मी. आवाजात थोडा अभिमान असावा.
"सर, ह्यात बाळाचं रडनं हाय. बाईचं कुठं हाय?"
"ती रडत नाही."
"तेच म्हनते मी."
मग आत जाऊन दार लोटून उ.शी वीस-पंचवीस मिनिटं बोलल्या. बाहेर येऊन मला जिन्यात बोलावलं. "बाळाला न्हाई, बाईला दाखवा. अंबाजोगाईला मनाचे डॉक्टर असतेत. उशीर करू नका."
मी म्हणालो, बघतो, या आठवड्यात चाचणी परीक्षा आहे, रविवारनंतर...
"सर, बघतो म्हनू नका. लई जन बघितले मी 'बघतो'वाले."
कागद काढावा असं वाटलं. वीस दिवसांच्या नोंदी आहेत. काढला नाही. आता दिसतं की रडण्याचा आणि खाण्याचा कुठं संबंधच लागत नाही. तरी काढला नाही.

२९ डिसें., शुक्र.
नीट लिहिलं पाहिजे.
तास नव्हता. चारला निघालो, पुलावर गेलो. फोन डिकीत होता. ५.३५ ला काढला तर आईचे अकरा कॉल. "उज्ज्वला न्हाई घरात. पोरगी माझ्याजवळ दिली, म्हनली आलेच. दीड तास झाला. कॉलेजात फोन लावलता, शिपाई म्हनला सर चारलाच गेलते." मागं स्वराचा आवाज. मी कुठं होतो, हे आईनं विचारलं नाही.
कालव्याच्या कडेनं गाडी हळू चालवत पाण्यात बघत आलो. हे पण लिहिलं पाहिजे.
आमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "सर, वहिनी चालत स्टँडकडं गेल्यात. म्या इचारलं सोडू का, तर बोलल्याच न्हाईत."
स्टँडवर शेवटच्या बाकावर होती. घरातली साडी, घरातली स्लीपर. पर्स नाही, पिशवी नाही. समोर केजची गाडी लागलेली. शेजारी ऊसतोडीला आलेल्या कुणा बाईचं तान्हं रडत होतं, आणि उ.चा ब्लाउज पुढून ओला झालेला, त्यावर पदर दोन्ही हातांनी धरून बसलेली.
शेजारी बसलो. कुठं निघालीस?
"नांदूरघाटला म्हणून निघाले. दोन गाड्या गेल्या. पैसे नाहीत." मग म्हणाली, "तुमी एकेक पदार्थ काढून बघितला ना. आता मलाच काढून बघा. मी नसल्यावर ती थांबते का बघा. लिहून ठेवा."
शांतपणे म्हणाली. वर्गातली हुशार मुलगी उत्तर सांगते तसं.
काढून म्हणजे कुठं? मला विचारावं लागलं.
"ते ठरवलं नव्हतं. गाडीत बसून ठरवणार होते."
मी तिचा हात धरला. चारचौघांत पहिल्यांदाच. कंडक्टर ओरडला, "केज, केज! ताई येनार का न्हाई?" मी नाही म्हणालो. ती काही म्हणाली नाही. नाही सुद्धा नाही.

३० डिसें., शनि.
सकाळी कागद फाडला. चिकटपट्टीचे तुकडे दारावर राहिले. आई चुलत्याच्या सुनेला फोनवर काहीतरी सांगत होती ते थांबवून बघत बसली.
"माझ्यामुळं झालं का रे हे?"
नाही, माझ्यामुळं.
"म्या आपलं म्हनायचं म्हनून म्हनले. आमच्या येळी बी म्हनायचे. तुझ्यापायी म्या चार महिनं भाकर-मिठावर काढले. तू बी लई रडायचास. समदं घर माझ्याकडं बघायचं."
मग काय करायचीस?
"काय करनार. हिरीवर जाऊन बसायचे."
विहिरीवर कशाला?
आई उठली आणि तांदूळ निवडायचे म्हणून आत गेली. चव्वेचाळीस वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती.
आशाताईंना फोन केला. सोमवारी पहिल्या गाडीनं जा म्हणाल्या. तोवर क्षणभर एकटं सोडायचं नाही, आणि परत तसं काही वाटलं तर दिवस-रात्र बघायची नाही, तसंच घेऊन जायचं. आई आणि मी पाळ्या लावल्या. रजेच्या अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'.

३१ डिसें., रवि.
तिच्या ताटात मुद्दाम वांग्याची भाजी वाढली. तिनं माझ्याकडे बघितलं. खा, म्हणालो. काही होत नाही.
"तुमीच म्हणाला होता, खात्रीनं सांगता येत नाही."
हो. म्हणालो होतो. खरं बोललो होतो. एका बाईला 'नाही गं, काही उतरत नाही' एवढं सांगता आलं नाही मला, कारण वाक्यात दोन टक्के शंका होती.
चार घास भात खाल्ला. भाजी तशीच.
स्वरा १९० मिनिटं. मोजायचं नव्हतं. घड्याळाकडे लक्ष जातंच.

१ जाने., सोम.
अंबाजोगाई. धारूरच्या घाटात सगळी एसटी हिंदकळत होती आणि स्वरा गाढ झोपलेली. आई म्हणाली, "हिला ड्रायव्हरच्या घरी द्यायला पायजे व्हती."
उ. हसली. नाही, हसली नाही, नाकातून श्वास सोडला. पण मी ते हसणं धरलं.
डॉक्टरबाई तरुण. उ.ला एकटीला आत घेतलं, पाऊण तास. मग मला बोलावलं. आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, बरा होतो. स्वभाव नाही, नाटक नाही, कृतघ्नपणा नाही. दूध बाधत नाही, तिनं सगळं खायचं. गोळी सुरू केली तरी पाजत राहायचं, ते बघूनच दिलीय. गुण यायला दोन-तीन आठवडे. घरात काय काय हाताशी ठेवायचं नाही ते सांगितलं. भरती व्हायचं का तेही विचारलं, उ. म्हणाली, घरी माणसं आहेत. बाईंनी मला आणि आईला तीनदा विचारून खात्री केली.
मी विचारलं, मुलीच्या रडण्यामुळं हिला हे झालं, की हिच्या या अवस्थेमुळं मुलगी रडते?
"दोन्ही एकत्र दिसतं, सर. रडणाऱ्या बाळाच्या आईला हे जास्त होतं, आणि हे झालेल्या आईला रडणं पेलत नाही. आधी कोणतं ते शोधत बसू नका. तुम्ही दोघींना धरून ठेवा."
मग म्हणाल्या, "वडलांनाही होतं हे. तुम्हाला झोप लागते? चिडचिड? बाळाजवळ जायची भीती वाटते?"
"नाही. मी ठीक आहे."
इतक्या चटकन. ज्याला दोन टक्के शंका सोडवत नव्हती, तो मी. उ. माझ्याकडे बघत होती.

५ जाने., शुक्र.
गोळी सकाळी, माझ्यासमोर घेते. तरी मी दुपारी पाकीट बघतोच. आई दारात मेथी घेऊन बसते, दोन तास एकच जुडी निवडते.
उ. म्हणाली, "पहारा आहे का माझ्यावर?"
"पहारा कसला गं. हितं उजेड हाय."
जादा तास सोडले. प्राचार्य म्हणाले, असं मधेच? म्हणालो, बायको आजारी आहे. काय झालं? बाळंतपणानंतरचं... मनाचं. ते खुर्चीत मागं टेकले. "अच्छा अच्छा. होईल बरं. देवाधर्माचं बघा काही." बाहेर येईपर्यंत कान गरम.
पाच ते नऊ आता तिघं मिळून. वीस वीस मिनिटांची पाळी, वीस झाली की दुसऱ्याकडे द्यायचं, मधे बोलायचं नाही. माझी पाळी आली की हात गार पडतात.

१० जाने., बुध.
दुपारी ती गच्चीवर. मी जिना धावत चढलो.
"कपडे वाळत घालतेय! सारखं काय मागं येता?" ओली चादर अंगावर झटकलीच जवळजवळ. महिन्याभरात पहिल्यांदा चिडली. बरं वाटलं. मग धीर करून विचारलं, जे १६ तारखेला विचारायला हवं होतं. तो विचार गेला का?
तिनं चादरीला चिमटे लावले. दोन्ही टोकांना.
"गेला नाही. रोज येतो. आधी दिवसभर असायचा. आता संध्याकाळी येतो."
संध्याकाळी स्वरा सुरू झाल्यावर की आधी? हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१५ जाने., सोम.
संक्रांत. काकूंना स्वराचं बोरन्हाण करायचं होतं, हलव्याचे दागिने सुद्धा आणले होते. उ. नको म्हणाली. मी खाली सांगायला गेलो. "पुढच्या वर्षी करू काकू." वर येताना जिन्यात थांबलो. पुढच्या वर्षी असं म्हणालो मी. कुणाच्या भरवशावर?
संध्याकाळी माझी पाळी संपली, आईकडे दिली. उ. आणि मी आतल्या खोलीत. मी सांगितलं, २१ तारखेचं. गादीचं.
"माहीत आहे. मी न्हाणीघरातून आले होते. दारात होते."
मग तेव्हा बोलली का नाहीस?
"बरं वाटलं होतं. वाटलं, मी एकटीच नाही." बाहेर आई काहीतरी गुणगुणत होती, स्वरा त्याच्यावर ओरडत होती. "मग भीती वाटली. दोघंही असलेच निघालो, तर तिला कोण?"
म्हणून तू स्टँडवर...
"म्हणून जाता आलं नाही. मी गेले असते तर ती तुमच्याजवळ राहिली असती."
हे वाक्य आहे तसं लिहिलं.

१६ जाने., मंगळ.
अंबाजोगाई, दुसरी भेट. दवाखान्याच्या बाकावर लिहितोय, डायरी पिशवीत घालून आणली. सकाळचे सव्वाअकरा. उ.नं सकाळी काही खाल्लं नाही. गाडीत म्हणाली, गोळ्यांनी काही फरक नाही, उगीच आलो. स्वरा तिच्या मांडीवर झोपलेली, आता चुळबुळ सुरू.
केसपेपरच्या खिडकीत उ. पुढं होती. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, मग माझं सांगितलं.
"पेशंट कोन, बाई?"
"दोघं."
मी मागं उभा. आतल्या माणसानं दुसरा कागद ओढला. "यांची तक्रार काय लिहू?"
"त्यांनाच विचारा."
त्यानं जाळीतून माझ्याकडे बघितलं. मागं रांग. "बोला सर."
"चव्वेचाळीस," म्हणालो.
"वय न्हाई इचारलं, तक्रार."
मागचा एक जण हसला. झोप नाही म्हणू, भीती म्हणू, हात म्हणू. त्यानं ती ओळ रिकामी ठेवून कागद सरकवला. "डॉक्टरला सांगा मंग."
माझा नंबर सतरा, उ.चा अठरा. ते पण तिनंच मागून घेतलं, यांचा आधी द्या म्हणून. मी म्हणालो, तू आधी जा, तुझं महत्त्वाचं. तिनं स्वराला खांद्यावर घेतलं. "आत गेल्यावर ठीक आहे म्हणू नका," म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.
म्हणणार नाही, असं मी तिला सांगितलेलं नाही अजून. सोळा नंबरची हाक झाली.